याला कुणाचा तरी हात लागलाय

मित्रांनो, मला उचलणार असाल तर आधी हात दाखवा. वाळू, घाम, कसली तरी धूळ लागलीय का ते मला बघू द्या. राग मानू नका. मी एक जुना कॅमशाफ्ट आहे, गाडीच्या इंजिनात उभी हयात घालवलेला लोखंडी दांडा, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

माझ्या अंगावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे आहेत. मी फिरलो की एकेक उंचवटा आपल्यासमोरच्या रॉकरला दाबतो, रॉकर व्हॉल्व्हला ढकलतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन श्वास घेतं. मी जरा चुकलो की इंजिनाला धाप लागलीच म्हणून समजा. एवढ्या जबाबदारीचं काम करणाऱ्याने डोळे झाकून कुणावर भरवसा टाकायचा म्हणजे कठीणच आहे.

माझा जन्म ओतकामाच्या भट्टीत झाला. साच्यातून काढलं, थंड केलं, फिरत्या दगडावर घासून गुळगुळीत केलं. मग एक तपासनीस आला. त्याने माझा एकेक उंचवटा मोजला, पुन्हा मोजला, मला उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं, आणि काहीच खोट सापडली नाही तेव्हा तोंड वाकडं करून मला पुढे सरकवलं. जगात आल्यावर मी नीट पाहिलेला पहिला चेहरा तो. माझा स्वभाव त्याच्यावरच गेला असावा.

इंजिनात बसवल्यावर झाकण लागलं आणि अंधार झाला. तिथे माझे शेजारी म्हणजे ते रॉकर. दिवसभर अंगाला अंग घासून चालणारे शेजारी, त्यांच्याबद्दल चांगलं मत कुठून असणार? आमच्या भांडणात मध्यस्थी करायचं ते तेल. माझ्या डोक्यावर एक बारीक नळी होती, तिला प्रत्येक उंचवट्याच्या वर एक भोक होतं, आणि त्या भोकातून तेल माझ्यावर पडत राहायचं. तेल आहे तोवर आमचं बरं चाललं होतं.

गाडी एका घड्याळजींची होती. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं आणि दुकानाला लागून गाडी ठेवायची शेड. कुणीही घड्याळ दुरुस्तीला आणलं की घड्याळजी डोळ्याला भिंग लावायचे, मागचं झाकण उघडायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "याला कुणाचा तरी हात लागलाय." गिऱ्हाईक शपथेवर सांगायचं की कुणी उघडलेलं नाही. मग घड्याळजी स्क्रूच्या डोक्यावरचा बारीक ओरखडा दाखवायचे आणि गिऱ्हाइकाचा चेहरा उतरायचा. बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं. त्यामुळे घरातल्या माणसांकडेही ते भिंग लावल्यासारखेच बघायचे.

गाडीला त्यांनी कधी परक्याचा हात लागू दिला नाही. गॅरेजवाले एक दुरुस्त करतात नि दोन बिघडवून ठेवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःच तेल बदलायचे, स्वतःच पट्टा ताणायचे. शेजारी कुणी बसलं की विचारायचे, इंजिनाचा आवाज येतोय का? समोरचा नाही म्हणाला की खूश व्हायचे. ते माझंच कौतुक होतं आणि मी ते मुकाट्याने ऐकून घ्यायचो. तेव्हासुद्धा माझ्या मनात यायचं, एवढं गोड बोलतायत त्या अर्थी पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं आहे.

एकदा झाकणाच्या सांध्यातून तेल झिरपायला लागलं. शेडमधल्या फरशीवर डाग पडला. घड्याळजींच्या बायकोने तो घासून काढला, पुन्हा पडला, पुन्हा घासला. शेवटी ती म्हणाली, एवढाले बारीक काटे जुळवता आणि एक थेंब थांबवता येत नाही का? हे घड्याळजींच्या फार मनाला लागलं. त्याच दिवशी माझं झाकण निघालं, नळी निघाली, सांध्यात दाबून बसवायची नवी पट्टी, म्हणजे गॅस्केट, आलं. मला थोडा उजेड दिसला, कसला तरी आंबट वास आला, आणि झाकण पुन्हा बसलं. डाग थांबला. घरात शांतता झाली.

त्यानंतर घरात सून आली. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, तो महिनोन्‌महिने बाहेर. ती स्वतः इस्पितळात नवजात बाळांच्या विभागात परिचारिका होती. इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि पहिली बस यायची तोवर तिची पाळी सुरू झालेली असायची. म्हणून पहाटे गाडी तीच न्यायची. घड्याळजींचा पाय पिसासारखा हलका, हिचा पाय घाईचा. मी अंधारात असलो तरी पाय ओळखतो, मित्रांनो.

आणि मग माझ्या शेवटच्या उंचवट्याला आग व्हायला लागली. आधी मला वाटलं, रॉकरने दात लावले. मग वाटलं, तेलवाल्याने भेसळ केली. शेवटी मी सगळं खापर सुनेच्या पायावर फोडून मोकळा झालो. ही आल्यापासूनच सुरू झालंय ना, मग आणखी पुरावा कशाला हवा! दिवसेंदिवस उंचवटा झिजत गेला आणि इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली.

चुकीची टकटक घड्याळजींना कशी सहन होणार? त्यांच्याही मनात पाल चुकचुकली. सून गाडी सुरू करायची तेव्हा ते खिडकीत येऊन उभे राहायचे. परत आली की बॉनेटवर तळहात ठेवून किती तापलंय ते बघायचे, खाली वाकून वास घ्यायचे. तिला काही विचारायचे नाहीत, नुसतं "हं" म्हणायचे. ती बिचारी त्या "हं"लाच घाबरायला लागली होती. एके दिवशी त्यांनी किल्ली तिच्याकडून मागून घेतली आणि दुकानाच्या खणात टाकून कुलूप लावलं. म्हणाले, कॅमशाफ्ट गेलाय, नवीन मी घरीच बसवतो, पण यापुढे गाडी कव्हर घालून उभी ठेवायची. गाडी दामटणाऱ्याच्या हाती ती पुन्हा द्यायची नाही.

"बाबा, मी गाडी कधीच तशी चालवलेली नाही," सून म्हणाली.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि समोरच्या घड्याळात डोकं घातलं. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, घड्याळ बंद पडलं की गिऱ्हाईक खोटं आणि गाडी बंद पडली की सून खोटी. गाडी गेली की नोकरी गेली, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये काम सुरू झालं. टॉर्च धरायला सून स्वतःहून आली. मदतीची हौस होती असं नाही. काय निघतंय ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं, नाहीतर काहीही निघालं तरी ते तिच्याच नावावर लागलं असतं. घड्याळजींनी इंजिन फिरवून चाकावरची खूण जुळवली, पट्टा उतरवला, वरची नळी सोडवली, मला धरून ठेवणाऱ्या कड्या थोड्या थोड्या करून सैल केल्या आणि मला बाहेर काढून फडक्यावर ठेवलं. इतक्या वर्षांनी माझ्यावर पुरता उजेड पडला आणि मला माझीच लाज वाटली. सगळे उंचवटे धडधाकट, आणि शेवटच्याचं नाक पार बसलेलं.

"पाहिलंस?" घड्याळजी भिंगातून बघत म्हणाले. "कसा खाल्लाय बघ."

सुनेने टॉर्च माझ्यावर शांतपणे फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाबा, माझा पाय काय एकाच उंचवट्यावर पडत होता?"

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत सुचला नव्हता. घड्याळजींनी ती तेलाची नळी उचलली आणि तिच्या एका टोकातून फुंकर मारली. सगळ्या भोकांतून तेलाचे थेंब उडाले, शेवटचं भोक कोरडं राहिलं. त्यांनी चिमटा आत घातला. जन्मभराची सवय, त्यामुळे तोंडातून वाक्य आपोआप निघालं, आणि चांगलं खुशीत निघालं, "याला कुणाचा तरी हात लागलाय."

चिमट्याला एक तुकडा लागून आला. लाल, रबरासारखा, वाळलेला. सांध्यात भरायच्या गमाचा तुकडा.

"कुणाचा?" सुनेने विचारलं.

मला झाकण निघालं होतं त्या दिवशीचा तो आंबट वास आठवला. घड्याळजींनाही आठवला असणार, कारण त्यांचा चिमटा हवेत तसाच राहिला. या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात कधी लागलेलाच नव्हता. त्यांनी तुकडा स्क्रू ठेवायच्या छोट्या डबीत टाकला, झाकण लावलं आणि म्हणाले, आज एवढंच पुरे, उजेड गेला. भिंतीवर चांगलं लख्ख ऊन होतं.

मला त्यांनी दुकानातल्या टेबलावर आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी पाहत होतो. ते डबी उघडायचे, तुकड्याकडे बघायचे आणि डबी बंद करायचे. एक गिऱ्हाईक घड्याळ घेऊन आलं, घड्याळजींनी ते उघडलं, पाहिलं, आणि तोंडातून ब्र काढला नाही. इथे नक्की पाणी मुरतंय, मी मनाशी म्हटलं. आता हा तुकडा कचऱ्यात जाणार आणि सुनेच्या माथ्यावरचा आळ तसाच राहणार. पण मी पडलो दांडा, मला तोंड कुठलं?

इतक्यात पलीकडच्या खोलीतून सुनेचा आवाज आला. ती इस्पितळातल्या मोठ्या बाईंशी फोनवर बोलत होती. माझ्या जागी दुसरं कुणीतरी बघून ठेवा, पहाटे पोचायची माझी सोय राहिलेली नाही, असं सांगत होती. आवाज अगदी नेहमीचा होता, फक्त शेवटी ती जरा थांबली आणि म्हणाली, त्या कोपऱ्यातल्या बाळाला दूध पाजताना डोकं जरा उंच धरायला सांगा. घड्याळजींनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि डबी उचलून खिशात घातली.

दुपारी ती घरी होती, म्हणून पुन्हा शेडमध्ये दोघं. तुलना करायला म्हणून मलाही नेलं होतं. खोक्यातून नवा कॅमशाफ्ट निघाला. चकचकीत, जरा आगाऊच वाटला मला. त्याच्याबरोबर नवे रॉकरही आले होते, कारण जुने रॉकर नव्या दांड्याला खातात, असं घड्याळजी म्हणाले. बघा, त्यांच्याबद्दलचा माझा संशय अगदीच वाया गेला नाही! नव्याच्या उंचवट्यांना घट्ट वंगण चोपडलं, कड्या आवळल्या, खुणा जुळवून पट्टा चढवला, पान्याने इंजिन हातानेच फिरवून पाहिलं. मग धुतलेली नळी हातात घेतली. सुनेने हत्यारांच्या पेटीतून लाल गमाची ट्यूब काढून पुढे केली.

"हा किती लावायचा, बाबा?"

घड्याळजींची बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"इथे लावायचाच नसतो," घड्याळजी म्हणाले. खिशातून डबी काढली, उघडली आणि सुनेच्या हातावर ठेवली. "मागे मी लावला होता. डाग थांबावा म्हणून. तुझा पाय नव्हता गं, माझाच हात लागला होता."

सून त्या तुकड्याकडे बघत राहिली. बायको चहा ठेवून आत गेली. मित्रांनो, त्या क्षणी मला घड्याळजींचा अभिमान वाटला, आणि तिच्या पायाला नावं ठेवल्याबद्दल स्वतःची शरमही वाटली.

झाकण बसलं. घड्याळजींनी खणातून किल्ली आणली आणि तिच्या हातात दिली. नवा कॅमशाफ्ट पहिल्यांदा सुरू झाला की इंजिन मंद ठेवून चालत नाही, ॲक्सिलरेटर दाबूनच धरावा लागतो, तरच तेल जोराने वर चढतं. ती गाडीत बसली. इंजिन सुरू झालं. तिने पाय नुसता टेकवला होता.

"दाब," घड्याळजी म्हणाले.

तिने काचेतून त्यांच्याकडे पाहिलं. हाही काही डाव तर नाही ना, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

"दाब अजून. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

तिने पाय दाबला. इंजिन गरजायला लागलं आणि शेड दणाणली. शेजारचे लोक खिडक्यांतून डोकावले, तेव्हा घड्याळजींनी त्यांना ओरडून सांगितलं की सून चालवतेय, मीच दाबायला सांगितलंय. मग तिने एका हाताने फोन काढला आणि त्या गोंगाटातच मोठ्या बाईंना कळवलं की माझी जागा कुणाला देऊ नका.

लाल ट्यूब तिने नेमकी तेव्हाच का पुढे केली, तिला आधीच सगळं कळलं होतं का, याचा मला अजूनही संशय आहे. विचारणार कसं?

आता मी घड्याळजींच्या टेबलावर असतो. मित्रांनो, गाडीतून टकटक आली तर वेळेवर झाकण उघडा, तेल सगळीकडे पोचतंय का बघा, भोकं साफ ठेवा, आणि गम जपून वापरा. आम्ही यंत्रं फार मागत नाही. संशय घ्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः तेच करत आलोय. फक्त तो घेताना स्वतःला वगळू नका.

परवा एक म्हातारे गृहस्थ बंद पडलेलं घड्याळ घेऊन आले. घड्याळजींनी भिंग लावलं, स्क्रूवर ओरखडा दिसला. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर माझ्या झिजलेल्या नाकावर गेली. मग त्यांनी गृहस्थांना हळूच विचारलं, "हे मागे माझ्याकडेच आलं होतं का हो?"