तीन पट्ट्यांची माशी

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत माशी बघायला रांग लागली होती. हसू नका! हार-नारळ घेऊन, चपला काढून, थेट जिन्यापासून रांग.

माझी भाची शांता महिन्यापूर्वी विधवा झाली. तिच्या नवऱ्याच्या, दौलतच्या तसबिरीवर रोज सकाळी एक माशी येऊन बसायची. तिच्या घरी रोज धूप-आरतीला येणाऱ्या कोंडीरामबुवाने परळच्या फोटोवाल्याकडून माशीचा फोटो काढवला, मोठा करून दारात टांगला.

"बघा तिच्या पाठीवर! भस्माचे तीन पट्टे! दौलत आलाय! भावाला खोली द्या म्हणतोय!"

भाऊ म्हणजे शांताचा दीर कुशाबा, बुवाचा पट्टशिष्य. शांता रडत ट्रंक भरायला लागली.

"अगं, जिवंतपणी त्याने तुला कधी घर सोड म्हटलं होतं?"

"नाही गं मावशी. पण आता तेच म्हणतायत ना!"

मी माशीवर फडकं उगारलं, तर बुवा किंचाळला, "पितृहत्या!"

मग मी दारातला फोटोच उतरवला आणि वरच्या माळ्यावर मीनाक्षीकडे नेला. माझी शाळा दुसरीत सुटली, पण ज्याचं काम त्याला विचारावं एवढं कळतं. ही पोरगी पालिकेत माश्या-डास ओळखायची नोकरी करते. तिने भिंग लावलं.

"रखमामावशी, घरातल्या माशीच्या पाठीवर चार पट्टे असतात. हिच्या तीन. पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. ही मांसमाशी. हिच्या सगळ्या जातभाईंना तीनच पट्टे."

"म्हणजे खाटकाच्या दुकानात अख्खी काशी बसते म्हण की!"

"सडकं मांस असेल तिथे ती येते. तसबिरीच्या मागे बघा."

तसबिरीला हात लावायचा मान फक्त बुवाचा. हार तोच घालायचा, वर डोळे चुरचुरेपर्यंत धूप. मी रांगेतून वाट काढत गेले आणि तसबीर उलटी केली. पुठ्ठ्यात खोचलेला मटणाचा तुकडा, हिरवा पडलेला! वासाने पुढचे चार भक्त मागच्यांच्या अंगावर.

"काय बुवा, दौलतला जेवायला वाढलं होतंत?"

"कलियुग!" म्हणत बुवा चपला शोधायला लागला. कुशाबा त्याच्याआधीच जिना उतरला होता.

शांताने ट्रंक रिकामी केली. मी रांगेकडे वळले.

"संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लाठ्या खाता, मुंबई सोडणार नाही म्हणून ओरडता, आणि माशी बोलली म्हणून विधवेला खोली सोडायला लावता? चमत्कार दिसला तर आधी त्याची मागची बाजू बघा. नाही कळलं, तर जाणत्याला विचारा. विचारण्यात कसली लाज? लाज वाटायला हवी ती मुंडी हलवण्याची!"