पहिला ढावलो

"बा, एकेक करून नका पाठवू. नेट अर्ध्यातच तुटून राहिलं," पुजा पुण्याहून फोनवर म्हणाली. "सगळे एकात बांधून पाठवा ना, तुमी हापिसात बांधता तसे."

"बांधतो की. त्यात काय!" धर्मसिंग म्हणाला.

कळमनुरीच्या एका कचेरीत तो वीस वर्षं संगणकावर बसत होता. माऊसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे. काळ्या पडद्यावर एक ओळ ठोकली, की शेकडो फायली दाबून एका गठ्ठ्यात बसत. दुसऱ्या ओळीनं गठ्ठा सुटे. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी दम भरायचा, "आदी गठ्ठ्याला नाव द्या, मंग आत काय घालायचं ते घाला. नाव इसरलात, तर पैलीच फाईल गठ्ठा होऊन बसती. तिचं तिला काईच राहत न्हाई." लोक हसायचे.

आज बांधायचे होते आठ ढावलो. तांड्यात लग्न लागलं, की नवरी आई-मावशीच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते, तो ढावलो. धर्मसिंगाची बायको चंदाबाई हिच्यासारखा तो अख्ख्या तांड्यात कुणाला येत नसे. आजारपणात ती नवऱ्याला म्हणाली होती, "पोरीला शिकवायला मी असन, नसन. तुमी भरून ठेवा." त्यानं मोबाइल समोर धरून आठही भरून घेतले. पहिला होता आईच्या निरोपाचा.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. तो मोबाइल केव्हाच बिघडला. ढावलो तेवढे घरच्या कॉम्प्युटरवर राहिले. दोन वर्षांत धर्मसिंगानं त्यातला एकही ऐकला नव्हता. धीरच झाला नाही. आता पंधरा दिवसांवर पुजाचं लग्न आलं होतं आणि तिला ते पाठ करायचे होते.

रविवारची दुपार होती. घरात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि पडद्यावरच्या त्या नावांकडे फार वेळ बघवत नव्हतं. त्यानं घाईघाईनं ओळ लिहिली, 'इथलं सगळं' म्हणून शेवटी चांदणीची खूण मारली आणि बटण दाबलं.

गठ्ठा दिसेना. फायली आठच. पहिली मात्र होती त्यापेक्षा कितीतरी पट फुगलेली.

नाव द्यायचं राहून गेलं होतं. त्यानं ती पहिली फाईलच गठ्ठा म्हणून सोडवून बघितली. आतून बाकीचे सात निघाले. तासभर त्यानं माहीत होते ते सगळे उपाय केले, मग फोन लावला.

"पुजा, पैला गेला गं. माझ्याच हातनं गेला."





"बाकीचे पाठवा, बा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

उरलेले तरी धड आहेत का, हे बघायलाच हवं होतं. त्यानं दुसरा लावला. आधी नुसती खरखर. मग चंदाबाईचा थकलेला आवाज, "पैला बराबर आला का हो? का पुना म्हणू?"

आणि लगेच त्याचा स्वतःचा, ठणठणीत आवाज, "काहून पुना? आला ना. आता तो कुठं जात न्हाई."

मग ती गायला लागली. धर्मसिंगानं हात मांडीवर ठेवून सातही ऐकले. मधे डोळे पुसले नाहीत.

दुसऱ्याच्या सुरुवातीची ती दोन बोलणी कापून टाकणं त्याला अवघड नव्हतं. त्यानं ती कापली नाहीत. ओळ नव्यानं लिहायला घेतली, आणि सगळ्यांत आधी गठ्ठ्याला नाव दिलं: चंदाबाई.