शेवटी मुलालाच विचारा

मुलांना घेऊन प्रवास कसा करावा, यावर मी अकरा वर्षं लोकांचं डोकं खातेय आणि त्याचाच मला पगार मिळतो. सहलींच्या कचेरीत माझं टेबल दारापासून तिसरं. मुलाबाळांसकट जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने निघण्याआधी माझ्यासमोर दहा मिनिटं बसायचं, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. मी त्यांच्या हातात एक कागद ठेवते. तो मीच लिहिलाय, पंधरा मुद्द्यांचा. निघायच्या दिवशी नवे बूट घालू नका. औषधं मोठ्या बॅगेत नको, हाताशी ठेवा. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी असू द्या. मुलाच्या पाठीवर त्याला झेपेल एवढंच ओझं द्या, हा चौथा. यावरून बापमंडळींशी माझी हमखास जुंपते. मुलं कणखर व्हायला हवीत असं ज्याचं म्हणणं असतं, तो स्वतः चाकांची बॅग ओढत आलेला असतो.

शेवटचा मुद्दा माझा सर्वांत लाडका: शेवटी मुलालाच विचारा. आमच्या बाळाचा काही त्रास नाही हो, असं आईबाप सांगत असतात आणि बाळ शेजारी बसून छताकडे बघत असतं. मग मी खुर्ची वळवते आणि थेट बाळाशी बोलते. दोन मिनिटांत सगळं बाहेर येतं. लिफ्टची भीती वाटते, परक्या संडासात होत नाही, मावशीच्या मुलाशेजारी बसायचं नाही. साहेब म्हणतात, बाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं.

एवढं पाल्हाळ लावायचं कारण असं, की गेल्या महिन्यात त्या समोरच्या खुर्चीत माझ्याच मुलीची सावत्र आई येऊन बसली.

माझी मुलगी आठ वर्षांची. एका जागी म्हणून टिकत नाही, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिचा बाबा आणि मी तीन वर्षांपूर्वी वेगळे झालो. तो गप्प राहून भांडायचा आणि मी तोंड वाजवून, त्यामुळे शेजारपाजाऱ्यांच्या लेखी चूक माझीच. गेल्या वर्षी त्याने पुन्हा लग्न केलं. ही नवी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. सुट्टीतले पाच दिवस भिंगरी त्या दोघांबरोबर समुद्रावर जाणार होती. माझ्याशिवाय पहिल्यांदाच.

तर ती अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. रांगेत बसली, नंबर आल्यावर उठली, मांडीवर वही उघडली आणि मला ताई म्हणाली. तिचा राग यावा असं तिच्यात काहीच नाही आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. तिने एकेक विचारलं, मी एकेक सांगितलं. ताप आला तर कोणतं औषध, किती. अंड्यातलं पिवळं खात नाही, मागे लागू नका. केस ओले असताना विंचरू नका, घर डोक्यावर घेईल. ती खाली मान घालून लिहीत होती. अक्षर चांगलं होतं, तेही मला खुपलं.

मग ती म्हणाली, "गाडीत तिला उलट्या होतात ना? हे म्हणत होते, घाटात फार हाल होतात तिचे."

हे. म्हणजे तो. मी कागदातलंच सांगितलं. निघताना थोडंसं कोरडं खायला द्या, खिडकी उघडी ठेवा, तासाभराने थांबा, पिशव्या जवळ असू द्या. तिने सगळं उतरवून घेतलं, पेन वहीत ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"अजून काही राहिलं का, ताई?"

"नाही," मी म्हटलं. "एवढंच."

ते एवढंच नव्हतं. तिचा बाबा घर सोडून गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत भिंगरी आणि मी बसने माझ्या बहिणीकडे निघालो होतो. घाट सुरू झाला तशी ती गप्प झाली. आधी गप्प होते, मग जांभया देते, मग जवळच्या माणसाची बाही पकडते आणि मग व्हायचं ते होतं. त्या दिवशी तिने बाही पकडली तेव्हा मी तिला उचलून पुढच्या रिकाम्या सीटवर मधोमध बसवलं आणि म्हटलं, आता तू गाइड. रस्त्यावर नजर ठेव, पुढचं वळण कुठल्या हाताला आहे ते आम्हाला आधीच सांग, मला काही दिसत नाही. ती ओरडत सुटली. डावं, उजवं, उजवं, मोठ्ठं डावं. ड्रायव्हर हसून वळणागणिक मान डोलवत होता. घाट संपला आणि पोरीच्या पोटातलं पाणी हललं नाही. तेव्हापासून कुठेही निघालो की मी फक्त म्हणते, गाइड तयार? आणि ती पुढे जाऊन बसते. हा उपाय मी कागदात कधीच घातला नाही. अकरा वर्षांत इतक्या लोकांना इतकं वाटून टाकलं, हे एक आमच्या दोघींचं राहू दे म्हटलं.

पण त्या दिवशी मी हातचं राखून सांगितलं ते एवढ्यासाठी नाही. खरं सांगायचं तर मला तो फोन हवा होता. घाटात गाडी थांबवून, घाबरून, त्या बाईने मला विचारावं, ताई, ही थांबतच नाही हो, काय करू? मागून रडका आवाज यावा, मला आई पाहिजे. मग मी शांतपणे सांगितलं असतं. त्यासाठी माझ्या पोटच्या पोरीचे आधी हाल व्हायला लागणार होते, हे मला कळत होतं. कळत असूनही मी एवढंच म्हटलं आणि पुढचा नंबर बोलावला.

ते सकाळी सातला निघाले. अकराच्या सुमाराला घाट लागणार, हा हिशेब मी आदल्या दिवशीच करून ठेवला होता. समोर जुळ्या मुलांचं कुटुंब बसलं होतं आणि फोन मी पंचिंग मशीनशेजारी उताणा ठेवला होता. सव्वाअकराला वाटलं, आता गप्प झाली असेल. साडेअकराला वाटलं, आता जांभया. मग बाही. कुणाची पकडली असेल? जुळ्यांची आई दुसऱ्यांदा तेच विचारत होती आणि मी तिच्यावर खेकसले. साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढून पाहिलं. बारा वाजता मी फोन उचलला. एक वाक्य सांगायचं होतं, तिला पुढे बघायला लावा. नंबर काढला आणि फोन परत ठेवला. साडेबाराला पुन्हा तेच केलं. डबा उघडलाच नाही.

पावणेतीनला मेसेज आला. पोचलो. घाटात एकदाही उलटी झाली नाही. तुमच्यामुळे, ताई. मनापासून आभार.

माझी पोर सुखरूप पोचली होती आणि मला आधी वाईट वाटलं. बरं नंतर वाटलं. हा क्रम मी कुणाला सांगितलेला नाही. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. तुमच्यामुळे म्हणजे काय, ते मात्र कळेना.

पाचव्या दिवशी दुपारी तिच्या बाबाने तिला दारात सोडलं. उन्हाने नाक सोललं होतं, फ्रॉकच्या खिशात शिंपले. आल्या आल्या ते मोरीत ओतून ती जुन्या टूथब्रशने घासायला बसली. मी तिच्या बॅगेतले कपडे काढत होते. घडी घातलेले, मळके वेगळे, अगदी माझ्या कागदातल्या नवव्या मुद्द्याप्रमाणे. पाण्यात कोण किती आत गेलं, बाबा कसा घसरून पडला, सगळं सांगून झालं. मग मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, घाटात त्रास नाही झाला?

"मी गाइड झाले होते ना."

कुणी सांगितलं, असं विचारताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तिने शिंपल्यावरून नजर न काढता सांगितलं. गाडीत बसायच्या आधी त्या काकूने तो कागद काढला. शेवटी मुलालाच विचारा, असं लिहिलं होतं, म्हणून तिने खाली बसून विचारलं, तुला गाडीत बरं वाटावं म्हणून काय करायचं गं? मग भिंगरीने गाइडचं सगळं सांगितलं. काकू वही चाळत म्हणाली, पण हे तुझी आई काही बोलली नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आईनेच सांगायला सांगितलंय. मी तुला सांगायचं, असं आमचं ठरलंय."

"असं कधी ठरलं होतं आपलं?"

"नव्हतं ठरलं. पण नाहीतर तिला वाटलं असतं, तू मुद्दाम नाही सांगितलंस." ती शिंपला उलटा करून आतून घासायला लागली. मग थांबली. "तू विसरली होतीस ना?"

माझ्या हातात तिचा मोजा होता, त्यातली वाळू फरशीवर सांडत होती. हो म्हणणं फार सोपं होतं. पण अकरा वर्षं मी परक्या मुलांना समोर बसवून खरं बोलायला लावतेय.

"नाही," मी म्हटलं. "विसरले नव्हते."

तिने माझ्याकडे बघितलं. रडली नाही, चिडली नाही, का म्हणून विचारलंही नाही. ती चिडली असती तर मला सोसलं असतं. उठून आली, ओल्या हातानेच तिने माझी बाही पकडली, घाटात पकडते तशी, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मग मी कुणालाच सांगणार नाही."

मी तिला जवळ घेतलं. आठ वर्षांची पोर, अंगाने आहे केवढीशी. मुलाच्या पाठीवर झेपेल एवढंच ओझं द्या, हे मीच लिहिलंय, चौथ्या क्रमांकावर. मी तिला म्हटलं, सांग, खुशाल सांग सगळ्यांना. ती नाही म्हणाली, आणि परत मोरीत जाऊन शिंपले घासायला बसली.