हुस्नाभाभीच्या वरच्या खोल्या

लातूरच्या क्लासेसच्या भागात हुस्नाभाभीचं घर. खाली तिच्या नवऱ्याचं, मकसूदभाईंचं शिलाईचं दुकान. वर भाड्याच्या तीन खोल्या. तिथं पोरांच्या शिकवणीपायी गाव सोडून आलेल्या आया राहत.

चाकूरहून आलेली सिंधु त्यातलीच. घरच्या शेतात तूर पिकायची आणि ही बाई मॉलमधून तूरडाळीची चकचकीत पाकिटं आणायची. सोललेला लसूणसुद्धा प्लास्टिकच्या डबीत.

"गावाकडून डाळ येत न्हाई का, सिंधुताई?" हुस्नाभाभीनं एकदा विचारलं.

"येते की. पन ती लई गावठी दिसते. चार बायका बघतात."

दुसऱ्याच्या घरची डाळ बघायला बायका येतात, हे हुस्नाभाभीला माहीत नव्हतं.

रिकामी पाकिटं सिंधु गॅलरीतून मागच्या नालीत टाकायची. ऑगस्टात एका दुपारी जोराचा पाऊस आला, नाली तुंबली आणि पाणी दुकानात शिरलं. एका गिऱ्हाईकाच्या निकाहसाठी शिवलेली शेरवानी खालच्या फळीवर होती. ती चिखलात भिजली. मकसूदभाई ती हातात घेऊन नुसते बसून राहिले.

हुस्नाभाभीनं काठीनं नालीतली पाकिटं काढली, घमेल्यात भरली आणि सिंधुच्या दारात ओतली.

"सगळी माझीच कशावरून?"

"मॉलची डाळ या घरात दुसरं कोन खातं?"

त्याच संध्याकाळी तिनं तिघींना सांगितलं, यापुढे किराणा कापडी पिशवीत नाहीतर डब्यात आणायचा. मकसूदभाईंनी उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या. दोघी कुरकुरल्या, पण घेऊन गेल्या. गल्लीतला दुकानदारही त्यांच्या डब्यात मोजून देऊ लागला.

सिंधुनं पिशवीला हात लावला नाही. "पोरीची परीक्षा तोंडावर आन् मी डबे घेऊन फिरू?"

"परीक्षा पोरीची हाय. तुमचे हात तर रिकामेच हायत."

महिना संपताच सिंधु समोरच्या लिफ्टवाल्या इमारतीत गेली. जाताना शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाली, "इथं राहनं म्हंजे खेड्यात राहनं."

हुस्नाभाभी जिना झाडत होती. तिनं मान वर केली नाही. "खेड्यातली मानसं घरची डाळ खातात, ताई," एवढंच म्हणाली.

दिवाळी उलटली तरी खोली रिकामीच होती. एक बाई बघून गेली, डब्यांची अट ऐकून परत आली नाही. मकसूदभाई म्हणाले, "जरा नरम घे. भाडं बुडून राहिलं."

"बुडू द्या," हुस्नाभाभी म्हणाली. "असल्या लोकांचं जिन्यावर येनं-जानं बघन्यापेक्षा कुलूप बरं."