दीडची भरती

कॅराव्हॅन म्हणे! रंभाबाईंच्या हिशेबी तो बिऱ्हाड लादलेला टेम्पोच होता. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. त्यांच्या लेकाने, धनेशने, ती दोन दिवसांसाठी भाड्याने आणली, शिरढोण मागे टाकून पाताळगंगेच्या खाडीकाठी नेली आणि फोटो छान येतात म्हणून अगदी पाण्यालगतच्या गवतावर उभी केली.

ते गवत रंभाबाईंनी वाकून पाहिलं. बुडाशी चिखलाचा पांढरट थर वाळलेला. म्हणजे खाडीचं पाणी इथवर चढतं. परवा पौर्णिमा झाली, आज द्वितीया. पौर्णिमेला भर दुपारी भरती, पुढे रोज पाऊण तास उशिरा. दीड वाजता हे गवत पाण्याखाली असणार.

हे गणित त्यांना नवऱ्यानेच शिकवलेलं. महादेवांनी चाळीस वर्षं मिठागरात भरतीचं पाणी आत घ्यायचं काम केलं, तेही घड्याळाशिवाय. पण गेल्या महिन्यात मासळीबाजारात गेलेले महादेव पनवेलच्या एसटी स्टँडवर सापडले. घरचा रस्ता आठवेना. धनेश धास्तावला आणि त्याने ठरवून टाकलं, की सोमवारपासून बाबांच्या राखणीला माणूस येईल, एकट्याने उंबरा ओलांडायचा नाही. रंभाबाईंच्या जिवाला ते फार लागलं होतं.

म्हणून त्या गप्प राहिल्या. भरतीचं नवऱ्यानेच सांगावं आणि पोराने ते ऐकावं, एवढीच त्यांची आस. महादेव मात्र गळ टाकून पाठमोरे बसले होते, बोलायचं नाव नाही.

रंभाबाईंचा पाय एका जागी ठरेना. कांदा अर्धा चिरला आणि बाहेर आल्या. पायरीवर बसल्या आणि उठल्या. सुनेला तीनदा वेळ विचारली, तेव्हा दीपिकाने हसून विचारलं, की आई, तुम्हाला कुठली गाडी पकडायची आहे? शेवटी त्यांनी काठावर जाऊन मुद्दाम मोठ्याने विचारलं, "अवो, आज तिथी कंची?"

"गप. मासा बिचकतो," महादेव मान न वळवता म्हणाले.

पाऊण वाजला. मघाशी काठाशी उघडा दिसणारा काळा दगड पाण्याखाली गेला. मागचं चाक पाण्यापासून चार पावलांवर राहिलं आणि रंभाबाईंचा धीर सुटला. त्या धनेशकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुजे बाबानी सांगलाय, गाडी वर घे. भरती हाय."

धनेशने कुरकुरत गाडी वर रस्त्याकडेला नेली. पंधरा मिनिटांत गवतात पाणी खेळू लागलं. त्याचे डोळे विस्फारले. तो धावत बापाकडे गेला, म्हणाला की बाबा, तुम्ही सांगितलंत म्हणून गाडी वाचली, आता राखणीला कुणी नको. रंभाबाईंना वाटलं, आपण जिंकलो.

धनेश गेल्यावर महादेव गळ गुंडाळत त्यांच्याजवळ आले.

"रंभे, मी तुना कवा सांगला?"

"मगाशी."

त्यांनी पाण्याकडे बोट केलं. चिखलात बारीक काठीसारखा एक फोक खोचलेला होता. पाणी त्याच्या कमरेला आलं होतं. रंभाबाईंनी तो आत्ता पाहिला.

"पानी त्याला लागला का धनेशला हाक मारनार व्हतो. मंग बी पाव तास हातात व्हता. सकालपासून त्याच्यावरच नजर हाय माजी." त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हंजे मी आदीच सांगून बसलो, नि इसरलो."

रंभाबाई घाईने म्हणाल्या, "नाय वो. मी खोटा बोलली. तुमी काय पन नाय सांगला."

महादेव हसले. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाव दे. माजी लाज राखतेस." मग त्यांनी धनेशला हाक मारली. "त्या मानसाला सोमवारी येव दे. लागंल तो."

रंभाबाईंनी लेकाचा हात धरला, देवाची शपथ घेऊन खरं काय ते सांगितलं. धनेशने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. आई सांभाळून घेते आहे, हे त्यालाही दिसत होतं.

"तो फोक बग, बाबानीच लावलाय," असं म्हणत रंभाबाईंनी पाण्याकडे हात केला. फोक बुडाला होता.