बाटलीची बेंबी

"मावशी, हातमोज्याचा अंगठा कुठे गेला?"

ललितने सरकता पट्टा थांबवला होता. प्रमिलाबाईंनी हात लपवला नाही. "कापला. साड्यांचे धागे कापायच्या कैचीनं."

"नवाकोरा हातमोजा! सेफ्टीचा नियम आहे. कंपनीला कळलं तर मारी नोकरी जशे."

"आमच्यासाठी तूच कंपनी ना रे?" शेजारून चंचल म्हणाली, आणि पट्ट्यावरच्या बायका हसल्या.

ललित इथेच, गुजरातेतल्या डिंडोलीत वाढलेला, मूळचा धुळ्याकडचा. पण सुपरवायझर झाल्यापासून रागावला की तो गुजरातीत शिरायचा.

गोडादऱ्याची ही कचरा निवडायची शेड दिवाळीपर्यंत पालिकेकडे होती. मग सगळं काम एका खाजगी कंपनीकडे गेलं. उकिडवं बसून उघड्या हातांनी कचरा निवडणाऱ्या बायकांना कंपनीने पट्टा दिला, मास्क दिले, जाड हातमोजे दिले. काचा लागायच्या थांबल्या, हे प्रमिलाबाईंना मान्य होतं. पण महिन्याभरातच बाटल्यांची एक गासडी कारखान्याने परत पाठवली. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या कारखान्यात पाण्याच्या बाटल्या वितळवून साड्यांचा धागा काढतात. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या प्लास्टिकची बाटली आत गेली, तर ती त्या उष्णतेत करपते, काळे कण होतात आणि धागा तुटतो. प्रमिलाबाईंचा नवरा हिलाल मागावर कामाला होता. धागा तुटणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती.

खापर सखुबाईवर फुटलं. ती पट्ट्याच्या टोकाला उभी राहायची, म्हणून शेवटची जबाबदारी तिची धरली आणि तिला घरी बसवलं. पुन्हा गासडी परत आली, तर उरलेल्या अकराजणींनाही काढून यंत्र बसवणार होते.

"इकडे ये," प्रमिलाबाई म्हणाल्या. "डोळे मीट."

त्यांनी ललितचा अंगठा एका बाटलीच्या बुडाला टेकवला. "काय लागतं?"

"बारीक टिपका. गाठीसारखा."

"ती बेंबी. ही बाटली चांगली. आणि हिला?"

"रेघ आहे."

"टाका घातल्यासारखी ना? ही बाद. आता हातमोजा चढवून सांग."

ललितने हातमोजा चढवला. दोन्ही बाटल्या पुन्हा चाचपल्या, मग तिसऱ्यांदा. दोन्ही सारख्याच लागल्या.

"पट्टा थांबत नाही. एकेक उलटी करून बघू कधी?" प्रमिलाबाईंचा आवाज चढला, तशी त्यांची अहिराणी वर आली. "हाई काम डोयानं नही, आंगठानं शे!"

"नियम माझ्या हातात नाहीत, मावशी. उद्या कंपनीच्या रुपाली मॅडम माल तपासायला येताहेत."

"मग माझी गोणी वेगळी तपासा. एक काळा कण निघाला, तर मीबी सखुबाईसारखी घरी जाते."

"आणि नाही निघाला तर?"

"तेव्हा बघू."

दुसऱ्या दिवशी रुपाली मॅडमनी टेबलावर छोटी भट्टी ठेवली. एका ताटलीत दहाजणींच्या मालाचे तुकडे, दुसरीत प्रमिलाबाईंच्या. दोनशेवीस अंश, एक तास. जेवणाचे डबे कोणी उघडले नाहीत.

"एवढ्यात तर खिचडीबी करपते," चंचल पुटपुटली.

पहिली ताटली बाहेर आली. पांढरट तुकड्यांत सात तपकिरी, दोन कोळशासारखे. दुसरी आली. मॅडमनी चिमट्याने एकेक तुकडा बाजूला सारून पाहिला. मग सगळे एकत्र करून पुन्हा पाहिले. भाजलेल्या साबुदाण्यासारखा माल, या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा.

"एकही नाही," त्या म्हणाल्या.

चंचलने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की बाहेर घंटागाडीवाला थबकला.

"पण काच लागली तर?" मॅडमनी विचारलं.

"अंगठ्यापुरतं पातळ रबर द्या. पातळ असलं की बेंबी लागते."

मॅडमनी लिहून घेतलं. "आजच मागवते. ते येईपर्यंत फक्त बाटल्या निवडा, काचेचा माल पट्ट्यावर नको. यंत्राचं राहू द्या."

ललितने खोक्यातून हातमोजे काढले आणि उलट्या बादलीवर बसला. "कैची दे वं, माय," तो म्हणाला. शेडमध्ये पहिल्यांदाच तो अहिराणीत बोलला होता.

दहा जोड कापून झाले; प्रमिलाबाईंचा आधीच कापलेला होता. प्रमिलाबाईंनी खोक्यातून आणखी एक काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"अकराच तर आहात."

"बाराजणी. गासडी हातमोज्यानं परत आणली, सखुबाईनं नाही."

ललितने मॅडमकडे पाहिलं. त्यांची नजर अजून पहिल्या ताटलीतल्या काळ्या तुकड्यांवर होती. "बोलवा त्यांना," त्या म्हणाल्या.

ललितने उजव्या अंगठ्यावर कैची धरली.

"थांब," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तिचा डावा काप. सखुबाई डावखुरी आहे."

ललितने उजवा हातमोजा नीट घडी करून बाजूला ठेवला आणि डावा उचलला.