दोन ओळींचं पत्र

आमदारांच्या कार्यालयात दोन महिने राहून मी लोकशाही जवळून पाहिली, असं माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं आहे. जवळून म्हणजे किती, तर माझं टेबल शौचालयाच्या दाराला लागून होतं. कुणी दार उघडलं की मला खुर्ची पुढे सरकवावी लागायची, आणि लोकशाही दिवसातून चाळीस वेळा आत-बाहेर करायची.

कॉलेजातून इंटर्नशिपसाठी आम्हा तिघांची निवड झाली होती. बँक, वर्तमानपत्र आणि आमदार अशा तीन जागा होत्या. बाकीचे दोघं आमदाराचं नाव ऐकून मागे सरले, मी तो मागून घेतला. निबंधस्पर्धेतली चार बक्षिसं माझ्या नावावर होती, म्हणून प्राध्यापक खूश झाले. म्हणाले, "तुझ्या लेखणीचा समाजाला उपयोग होईल." मी मान डोलावली. खरं सांगायचं तर समाजाशी मला काही देणंघेणं नव्हतं. हे आमदार आरोग्यखात्याच्या समितीवर होते, आणि मला माझ्या आईची बदली हवी होती.

आई सरकारी नर्स आहे. सहा वर्षं ती घरापासून नऊ तासांवरच्या एका आरोग्यकेंद्रात होती. महिन्यातून एकदा शनिवारी रात्री यायची आणि रविवारी दुपारची बस पकडायची. मधल्या वेळात स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी वावरायची, चमचा कुठे आहे म्हणून विचारायची. मागच्या वर्षी बाबा दुकानात चक्कर येऊन पडले. नर्सच्या नवऱ्याला शेजारच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं आणि नर्सला ते दुसऱ्या दिवशी कळलं. पाच वर्षं ती बदलीचे अर्ज करत होती, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. यंदा आमच्या गावच्या रुग्णालयात एक जागा रिकामी होणार होती. बदल्यांची यादी लागणार होती माझ्या इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात.

तर अशी मी, ट्रंक घेऊन आणि पोटात ही गोष्ट दडवून, त्या कार्यालयात दाखल झाले.

बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेली बाकडी आणि त्यांवर सकाळी आठपासून बसलेली माणसं. आतल्या खोलीत साहेब. साहेबांचं वजन भरपूर होतं, राजकीय म्हणत नाही मी. फोनवर बोलताना ते डोळे मिटायचे आणि सही करतानाही मिटायचे. मधल्या खोलीत आम्ही तिघं: मी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या टायपिस्टबाई आणि साहेबांचे स्वीय सहायक. या गृहस्थांना सगळे पाठीमागे 'शिक्का' म्हणायचे, कारण कार्यालयाचा रबरी शिक्का ते शर्टाच्या खिशात ठेवायचे. प्रत्येक शर्टाच्या खिशावर जांभळा गोल डाग. देवाने हृदय द्यायचं त्या जागी यांना शिक्का दिला होता.

पहिल्याच दिवशी शिक्क्याने माझी परीक्षा घेतली. एका म्हाताऱ्याचा अर्ज पुढे टाकला. त्याच्या वस्तीत पाण्याचा नळ हवा होता. "साहेबांच्या वतीनं खात्याला पत्र लिही बघू." मी पाऊण तासात दीड पान लिहिलं. 'या वयात दोन मजले उतरून, रस्ता ओलांडून पाणी भरणाऱ्या या हातांचा थरकाप मी स्वतः पाहिला आहे,' वगैरे. साहेबांनी त्या म्हाताऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. शिक्क्याने पत्र वाचलं, खिशातला शिक्का काढून मारला आणि म्हणाला, "लेखिकाबाई, तुम्ही इथे फार वर जाणार."

एक प्रत खात्याला जायची, एक अर्जदाराच्या हातात. म्हाताऱ्याने बाकावर बसून ती वाचली आणि चष्मा पुसला. जाताना माझ्या टेबलाशी येऊन हात जोडले. मी दिवसभर हवेत होते.

त्यानंतर मी सुटलेच. कुणाची रखडलेली पेन्शन, कुणाच्या मुलीचा शाळाप्रवेश, कुणाच्या घरावरून गेलेली विजेची तार. रोज दोन-तीन पत्रं. टायपिस्टबाई टाइप करता करता नाक ओढायच्या. मला वाटायचं, माझं लिखाण त्यांच्या काळजाला भिडतंय. त्यांना कायमची सर्दी आहे हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

या पत्रांखेरीज दुसऱ्या प्रकारची पत्रंही निघायची. ती माझ्याकडे यायची नाहीत. बाजूच्या दाराने कुणी इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस यायचा, बाकावर न बसता थेट आत जायचा आणि दोन ओळींचं पत्र घेऊन निघायचा. 'सोबतचा अर्ज पाहावा. काम व्हावे.' बस. ना आस्था, ना ओलावा. मला त्या लोकांची कीव यायची. एका कंत्राटदाराला मी म्हटलंही, "फारच कोरडं झालंय हो, थोडं वाढवून देऊ का?" तो माणूस असा दचकला की पत्र छातीशी धरून जिना उतरला. मी मनात म्हटलं, लोकांना चांगल्या भाषेची भीती वाटते.

महिना झाल्यावर मी धीर करून शिक्क्याला आईचं सांगितलं. तो गोड हसला. "अगं, मग विचारायचं काय त्यात? तूच लिही. तुझी आई आहे, मस्त लिही. साहेब सही करतील."

मी तीन रात्री जागून तीन पानं लिहिली. रविवारची बस लिहिली, बाबांचं पडणं लिहिलं, आई दुसऱ्यांच्या आजाऱ्यांच्या उशाशी बसते तेव्हा आमच्या घरी दिवा कोण लावतं तेही लिहिलं. एवढं चांगलं मी पुन्हा कधी लिहिलं नाही. साहेबांनी डोळे मिटून सही केली. प्रत आईला पाठवली तर तिचा फोन आला. म्हणाली, "तुला एवढं सगळं कळत होतं होय गं?"

आता फक्त यादी लागायची बाकी होती. मी घोड्यावरच बसले होते.

आणि मग साहेबांचा मेहुणा आला. त्या दिवशी शिक्का दाढ काढायला गेला होता आणि तो रबरी शिक्का दिवसापुरता माझ्या ताब्यात होता. मेहुण्याला गोदामाचा परवाना हवा होता. शिक्क्याने दोन ओळींचं पत्र लिहून ठेवलं होतं, मी फक्त सही घेऊन पाठवायचं होतं. मी ते वाचलं. साहेबांच्या बायकोचा सख्खा भाऊ, आणि त्याच्यासाठी दोन ओळी! मला वाटलं, आपण याचं भलं करावं. साहेबांच्याही नजरेत भरू, आईच्या कामाला जोर येईल. टायपिस्टबाई जेवायला गेल्या होत्या, मी त्यांच्या यंत्रावर बसले आणि सव्वा पान लिहून काढलं. 'तरुण वयातच कुटुंबाचा भार खांद्यावर घेतलेल्या या कष्टाळू उद्योजकास...' मेहुण्याच्या खांद्यावर आजवर सोनेरी पट्ट्याच्या बॅगेखेरीज कशाचाही भार पडलेला नव्हता. साहेबांनी डोळे मिटले, सही केली. मी शिक्का मारला. सरळ, ठळक, अगदी बरोबर जागी.

आठ दिवसांनी मेहुणा मधल्या खोलीत शिरला तो लालबुंद होऊन. अर्ज फेटाळला गेला होता. मागोमाग साहेब आले. पावणेदोन महिन्यांत ते पहिल्यांदाच माझ्या टेबलाजवळ आले होते, शौचालयाला जाताना सोडून. हातात माझं सव्वा पान.

"हे कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं, साहेब," मी म्हटलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मी ते अभिमानाने म्हटलं.

"तुला कुणी सांगितलं होतं माझ्या मेहुण्यावर निबंध लिहायला?"

मेहुणा ओरडत होता, साहेब ओरडत होते, अजूनही सुजल्या गालाचा शिक्का हात चोळत होता. मला कळेना की गुन्हा काय झाला. सगळे आत गेल्यावर टायपिस्टबाईंनी यंत्रावरचे हात खाली घेतले.

"तुला खरंच कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

"अगं बाई, लांब पत्र म्हणजे नको. दोन ओळी म्हणजे करा. खात्यातल्या हेडक्लार्कला वरून बघूनच कळतं, वाचावंसुद्धा लागत नाही. पूर्वी हिरव्या शाईची खूण होती, पण ती लोकांना कळली. लांब पत्राबद्दल कोण तक्रार करणार? माणूस वाचतो, रडतो, घरी फ्रेम करून लावतो." त्यांनी नाक ओढलं. "तुझ्याआधी हे काम मी करायचे. पण माझी पत्रं अर्ध्या पानात संपायची, तिकडे गोंधळ व्हायचा."

मी वहीत नोंद ठेवत असे. एकशे अठरा पत्रं. एकशे अठरा माणसांच्या कोपराला मी गूळ लावला होता, आणि त्यांनी हात जोडून माझे आभार मानले होते. मला त्या म्हाताऱ्याची आठवण यायला हवी होती. आली नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तीन पानं आली. अख्ख्या कार्यालयाच्या इतिहासात इतकं लांब पत्र कधी गेलं नसेल. आईला बदली देऊ नका, हे मी खात्याला इतक्या जोराने ओरडून सांगितलं होतं की तिचा कागद बहुधा केराच्या टोपलीतही सगळ्यात खाली असेल.

यादीला पाच दिवस होते. मी शिक्क्याला जिन्यावर गाठलं.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं. माझी आई आहे हे ठाऊक होतं, आणि तुम्ही मला म्हणालात, मस्त लिही."

"मग? मस्तच लिहिलंस की." तो गाल धरून बोलत होता. "हे बघ, माणूस आपल्या दारातून हसत गेला पाहिजे. नाही म्हटलं तर मत जातं. सगळ्यांना हो म्हटलं तर जागा कुठून आणायच्या? तुझ्या गावच्या त्या एका जागेला एकतीस अर्ज आहेत. तुझ्या आईचं सोडून त्यातली सहा पत्रं तुझ्याच हातची आहेत."

"किळस येते मला तुमची," मी म्हटलं. अगदी याच शब्दांत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणा मोठ्या माणसाला असं बोलले.

तो रागावला नाही. खिशातून शिक्का काढला, बोटाने त्याचा रबर पुसला. "दोन ओळी आज पाठवतो. वर फोनही करतो, म्हणजे आधीचं पत्र चुकून गेलं असं सांगतो. पण तू गेल्यावर माझं काय? बाईंना जमत नाही, मला तर नाहीच. तू घरून लिही. महिन्याला चाळीस पत्रं. अर्ज मी फोनवर पाठवीन. तुझं शिक्षण होईपर्यंत."

त्या जिन्यावर मी बाणेदार उत्तर द्यायला हवं होतं. निबंधात मी नेहमी देत असे. त्या सहा जणींना कुठल्या गावाहून रविवारची बस असते, ते मीच पानपानभर लिहिलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी साहेबांच्या घराण्याला उद्देशून डायरीत दोनदा लिहिलेली होती.

"आज म्हणजे आत्ता पाठवा," मी म्हणाले. "माझ्यासमोर."

त्याने पाठवलं. पाच दिवसांनी यादी लागली.

आई आता घरी असते. सकाळी सातला ड्यूटीवर जाते आणि साडेतीनला परत येते. बाबांचं वजन वाढलंय. शेजारणी म्हणतात, पोरीने पांग फेडले. आईने माझी तीन पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आहेत. तिची समजूत आहे की ती वाचूनच कुणा मोठ्या साहेबाला पाझर फुटला. ती आल्यागेल्याला सांगते, "खरं लिहिलं की काम होतंच."

परवा संध्याकाळी मी लिहायला बसले होते. डोंगरापलीकडची एक मुलगी, तिच्या आईला आठवड्यातून तीनदा मोठ्या रुग्णालयात डायलिसिसला न्यावं लागतं, तिला जवळपास खोली हवी होती. आई भाजी निवडत माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि खांद्यावरून वाचू लागली. वाचता वाचता तिचे हात थांबले. मी मागे वळून पाहिलं नाही, पण तिचा श्वास कळत होता.

"बिचारी," ती म्हणाली. "हिचं काम होईल ना गं?"

"होईल," मी म्हटलं.

"मग तिच्या आईबद्दल अजून थोडं लिही. एवढ्यावर नको थांबूस."

मी आणखी एक परिच्छेद वाढवला.